आय नगराची वेस उघडी का राहिली?

प्रश्न विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायात इस्राएली सेनापती यहोशवाची ३०,००० माणसं आय नगरामागे दबा धरून बसली आणि कोणाला सुगावा लागला नाही, हे शक्य आहे का? पळण्याचं सोंग घेतलेलं सैन्य खरोखरच पळून कसं गेलं नाही? आणि याला गनिमी कावा म्हणायचं का? त्यांच्या चर्चच्या अभ्यासगटात यावरून दोन तट पडले आहेत आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, “कोणी लष्करातलं असेल तर सांगा.”

मी पायदळात होतो. एम्बुश (दबा) लावले, दुसऱ्यांनी लावलेल्या एम्बुशमध्ये सापडू नये म्हणून डोंगरातले रस्ते तपासत फिरलो, आणि निवृत्तीआधी काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना डावपेच शिकवले. ही लढाई मी वर्गात सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत केलेल्या जमिनीच्या नकाशावर, मांडत असे. धर्मशास्त्र माझा प्रांत नाही. देवाने काय केलं यावर बोलायचा माझा अधिकार नाही. त्या दिवशी माणसांनी काय केलं, त्यातलं काय जमण्यासारखं आहे आणि काय नाही, एवढंच सांगतो.

तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण लढाईचा निकाल ज्यावर लागला तो प्रश्न त्यात आलेला नाही. लपणं शिकवता येतं. सोंग घेऊन पळणंही शिकवता येतं, फार अवघड असलं तरी. मला या प्रसंगात नेहमी खटकलं ते वेगळंच. तटाच्या आत बसलेल्या लोकांना बाहेर यायची काही गरज नव्हती. तरी ते आले, सगळे आले, आणि सतरावं वचन सांगतं त्याप्रमाणे नगर उघडं टाकून पाठलागाला गेले. का? याचं उत्तर मिळालं की बाकीची उत्तरं त्याच्यामागून येतात.

आणि ते उत्तर आठव्या अध्यायात नाही, सातव्यात आहे. यरीहो हे पहिलं नगर पडल्यावर यहोशवाने आयची टेहळणी करायला माणसं पाठवली. त्यांचा अहवाल असा, की लोक थोडे आहेत, सगळ्या सैन्याला कशाला शिणवता, दोन-तीन हजार पुरेत. सुमारे ३,००० गेले आणि मार खाऊन पळाले. आयच्या लोकांनी वेशीपासून शबारीम नावाच्या जागेपर्यंत पाठलाग केला, उतारावर त्यांना गाठलं आणि सुमारे ३६ जण मारले. ग्रंथात याचं कारण आखान नावाच्या इस्राएल्याने मनाई असताना यरीहोतून लपवलेली लूट हे दिलंय: शिनारी (बाबेलकडचा) झगा, २०० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी, ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट. श्रद्धावंताने ते कारण धरावंच. पण कोणत्याही टेहळणी पथकाचा अधिकारी तो अहवाल वाचून म्हणेल की यात शत्रूची संख्या आहे, जमीन नाही. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली. आय जिथे होतं तो डोंगराळ पट्टा सपाटीच्या साधारण ८५० मीटर वर. मधलं अंतर वीस-एक किलोमीटर आणि चढण ११०० मीटरची. एवढी चढण चढून दमलेली माणसं वेशीसमोर उभी राहिली, आणि वरून ताज्या दमाची माणसं त्यांच्या अंगावर आली. पुढे काय झालं याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

आता आयच्या राजाच्या जागी बसून पाहा. इस्राएली आले, लढले, पळाले, उतारावर मेले. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, त्याने स्वतः पाहिलंय. त्याच्या प्रत्येक माणसाने पाहिलंय. काही दिवसांनी तेच लोक पुन्हा आले, पुन्हा वेशीसमोर उभे राहिले आणि पुन्हा पाठ दाखवली. या वेळी राजाला विचार करावाच लागला नाही. मागच्या वेळी पाठलाग उतारावर थांबला, शत्रू वाचला आणि परत आला. म्हणजे या वेळी शेवटपर्यंत गाठायचं, हा निष्कर्ष त्याच्या जागी तुम्हीही काढला असता. त्यासाठी जास्तीत जास्त माणसं लागणार. म्हणून सगळ्या नगराला हाक गेली आणि वेशीवर कोणी उरलं नाही.

खोट्या माघारीचं सगळं भांडवल हे असं शत्रूच्या आठवणीत असतं. आधीची खरी माघार त्याच्या डोळ्यांसमोर नसेल, तर कितीही चांगलं सोंग करा, अनुभवी सेनापती शंभर पावलांवर थांबून विचारतो, “हे इतक्या लवकर का पळताहेत?” यहोशवाला हे पक्कं कळलं होतं. दबा धरणाऱ्यांना त्याने दिलेला हुकूम चौथ्या ते आठव्या वचनात आहे; तो मी मुलांना मोठ्याने वाचायला लावत असे. तुम्ही कुठे बसायचं, नगरापासून फार लांब जायचं नाही, सगळ्यांनी तयार राहायचं, मी कुठून येईन, मी काय करीन, त्यानंतर तुम्ही काय करायचं. क्रम आजच्या लष्करी हुकुमासारखाच आहे. पण मधोमध एक वाक्य असं आहे जे आजच्या हुकुमात क्वचित दिसतं. शत्रू मनात काय म्हणेल तेही त्यात लिहिलंय: पहिल्यासारखेच हे आपल्यापुढून पळताहेत असं ते म्हणतील. अख्खी योजना त्या “पहिल्यासारखेच” या शब्दावर उभी आहे. यहोशवाने पराभव झाकला नाही. तोच आमिष म्हणून लावला.

बायबलमधल्याच शास्ते पुस्तकाचा विसावा अध्याय यासोबत वाचा. गिबा नगराच्या लढाईत इस्राएली त्यांच्याच एका वंशाशी, बन्यामिनी लोकांशी, पहिल्या दिवशी हरले, दुसऱ्या दिवशीही हरले, आणि तिसऱ्या दिवशी नेमकी हीच युक्ती केली: मागे दबा, पुढे खोटी माघार, नगरातून धूर. तिथेही बन्यामिनी लोक “पहिल्यासारखेच” म्हणत पाठीस लागले. दोन कथा इतक्या जुळतात की एक दुसरीवरून रचली असावी असं काही अभ्यासक मानतात. तसं असेलही. पण सांगणाऱ्याला हे नीट माहीत होतं की सोंग खऱ्या पराभवानंतरच खपतं. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जला असंच घडलं. फ्रान्सकडून चालून आलेल्या नॉर्मन सैन्याची डावी बाजू, ब्रिटनीचे लोक, आधी खरोखर मागे पळाले. टेकडीवरचे इंग्रज त्यांच्यामागे खाली उतरले आणि कापले गेले. त्यानंतर नॉर्मन घोडेस्वारांनी मुद्दाम पळण्याची सोंगं केली असं समकालीन वृत्तान्त सांगतात. ती सोंगं होती की नंतर चढवलेला मुलामा, यावर इतिहासकारांत वाद आहे. क्रम मात्र तोच: आधी खरं, मग खोटं.

आता तुमचा पहिला प्रश्न, ३०,००० माणसांचा. इथे मी भावनेपेक्षा गणितावर जातो.

रात्री, डोंगरात, पायवाटेने माणसं एकामागे एक चालतात. दोघांत दीड मीटर अंतर धरा. अंधारात याहून जवळ चाललं तर पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो आणि भांडं वाजल्यासारखा आवाज होतो. ३०,००० माणसांची रांग ४५ किलोमीटर होते. यरीहो ते आय अंतर त्याच्या निम्मं. म्हणजे पहिला माणूस आयमागे पोचला तेव्हा निम्मी फौज छावणीतून निघालेलीही नाही. चढणीवर रात्री ताशी दोन किलोमीटर चाल मिळाली तर चांगली म्हणायची. त्या वेगाने ही रांग एका जागेवरून पुढे सरकायला २२ तासांहून जास्त लागतात. वल्हांडण या यहुदी सणानंतरचे दिवस, म्हणजे वसंत ऋतू. रात्र दहा-अकरा तासांची. तीन-तीन माणसं शेजारी चालवली तर रांग १५ किलोमीटरवर येते, पण डोंगरातल्या पायवाटेवर तीन माणसं शेजारी चालत नाहीत.

पोचले असं धरलं तरी पुढे बसायचं कुठे? मजकूर म्हणतो बेथेल आणि आय यांच्यामध्ये, आयच्या पश्चिमेला. बेथेल म्हणजे आजचं बेतीन आणि आय म्हणजे एत-तेल असं धरलं, तर मधलं अंतर अडीच-तीन किलोमीटर. दोन वस्त्यांच्या मधली जमीन म्हणजे दोन्हीकडच्या गुराख्यांची जमीन. एम्बुश लावणाऱ्याला शत्रूच्या सैनिकापेक्षा शेळ्यांच्या मागे फिरणाऱ्या पोराची आणि त्याच्या कुत्र्याची धास्ती जास्त असते. सैनिक ठरलेल्या वाटेने येतो, शेळी कुठेही येते. शिवाय आठव्या अध्यायाचा क्रम सरळ धरला तर हे लोक पहिल्या रात्री निघाले, यहोशवा दुसऱ्या दिवशी वर चढला, ती रात्र गेली आणि लढाई त्यानंतरच्या सकाळी झाली. म्हणजे एक अख्खा दिवस आणि आणखी एक रात्र लपून. माणशी तीनच लिटर पाणी धरा, ९०,००० लिटर होतं. ते चामड्याच्या पिशव्यांतून पाठीवर न्यायचं, विहिरीवर जायचं नाही. ३०,००० माणसांचा खोकला, शौच, घोरणं याबद्दल लिहीत नाही, पण एम्बुश फुटतो तो यामुळेच.

पण मग बारावं वचन येतं आणि ते सांगतं की यहोशवाने सुमारे ५,००० माणसं घेऊन बेथेल आणि आयच्या मध्ये, पश्चिमेला, दबा धरायला ठेवली. तीच जागा, वेगळा आकडा, वेगळी वेळ. हे वाचून अभ्यासगटात वाद होणारच. काहींच्या मते या दोन तुकड्या, एक नगर घ्यायला आणि दुसरी बेथेलकडून मदत येऊ नये म्हणून. काहींच्या मते एकाच घटनेच्या दोन परंपरा शेजारी शेजारी ठेवल्या गेल्यात. हिब्रू ग्रंथाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हा भाग बराच आखूड आहे आणि ५,००० चा उल्लेखच नाही. मोठ्या आकड्यांबद्दल एकूणच अभ्यासकांचं एकमत नाही. हे कोडं सोडवायला मी बसलेलो नाही. पण मला विचाराल तर लढाईत प्रत्यक्ष चालण्यासारखा आकडा ५,००० किंवा त्याहून कमी. ५,००० माणसांची रांग साडेसात किलोमीटर. ती एका जागेवरून पुढे सरकायला चार तासांहून कमी लागतात. आणि ती यरीहोहून यायची गरज नाही, कारण बारावं वचन येतं तेव्हा यहोशवाची छावणी आयच्या उत्तरेला पडलेली आहे. तिथून अंधारात वळसा घालून पश्चिमेला जाणं हे काही किलोमीटरचं काम. एक किलोमीटर लांबीच्या घळीत दर मीटरला पाच माणसं बसवली तर ५,००० बसतात. दाटी होते, पण एका रात्रीपुरती चालते. ३०,००० साठी सहा किलोमीटर घळ लागेल, आणि ती त्या दोन गावांमध्ये मावणार नाही.

दुसरीकडून पाहा: दबा धरणाऱ्यांचं काम काय होतं? रिकामं नगर घ्यायचं, आग लावायची, मग बाहेर येऊन शत्रूची परतीची वाट अडवायची. पंचविसाव्या वचनाप्रमाणे त्या दिवशी पडलेले स्त्री-पुरुष मिळून १२,०००. त्यात लढणारे पुरुष फार तर तीन-चार हजार असतील. त्यांची वाट अडवायला ५,००० भरपूर झाले. जास्त माणसं लपवली तर सापडण्याची शक्यता वाढते, मारक ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. चांगल्या एम्बुशमध्ये माणसं कमी का ठेवतात याचं कारण हेच.

एक बारीक जागा माझ्या लक्षात सँड मॉडेलमुळेच आली. सतराव्या वचनाच्या हिब्रू मजकुरात आय “आणि बेथेल” इथे एकही पुरुष राहिला नाही असं आहे. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बेथेल पश्चिमेला, आय पूर्वेला, दबा मध्ये. बेथेलचे लोक त्या सकाळी मदतीला धावले असते तर थेट दबा धरणाऱ्यांच्या अंगावरून गेले असते. म्हणजे ते एक तर आदल्या दिवशीच आयमध्ये आलेले असणार, नाहीतर ते या लढाईत नव्हतेच. ग्रीक भाषांतरात या वचनात बेथेलचं नाव नाही. डावपेचाच्या दृष्टीने मला ग्रीक वाचन जास्त पटतं. पण हे एका पायदळवाल्याचं मत, पाठभेदाच्या अभ्यासकाचं नाही.

लपण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे शत्रूची नजर दुसरीकडे ठेवणं. यहोशवाने उत्तरेला, मध्ये खोरं ठेवून, उघड्यावर तळ दिला आणि रात्री त्या खोऱ्यात उतरला. हे राजाला दिसावं म्हणूनच केलेलं आहे, आणि चौदावं वचन म्हणतं की ते राजाने पाहिलं. नजर उत्तरेला, दबा पश्चिमेला, पळण्याची दिशा पूर्वेला, रानाकडे. म्हणजे पाठलाग करणारा प्रत्येक पावलागणिक दब्यापासून लांब जातो. मजकुरात नाही, पण सकाळची वेळ असल्याने मी आणखी एक गोष्ट जोडतो: पूर्वेकडे धावणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असतं, आणि मागे वळून पश्चिमेला पाहिलं तर सगळं लख्ख दिसतं. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा धूर दिसला.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते या लढाईतलं सगळ्यात अवघड काम. सोंग घेऊन पळणारे खरंच का पळून गेले नाहीत?

मनुष्यस्वभाव त्यांच्या विरुद्ध होता. पाठ फिरवलेल्या माणसाला शत्रू दिसत नाही, शेजारी दिसत नाही, अधिकारी तर अजिबात दिसत नाही. ऐकू येतात ती मागची पावलं. भीती संसर्गासारखी पसरते. दहा जणांनी वेग वाढवला की शंभर वाढवतात. आणि ही माणसं काही दिवसांपूर्वी याच उतारावर खरोखर पळाली होती. त्यांना पुन्हा तिथेच नेऊन “पळा, पण मनातून पळू नका” म्हणायचं, हा जुगार आहे. किती मोठा, हे परिस्थितीवर ठरतं. कवायतीत मुरलेलं सैन्य असेल तर कमी, हौशी टोळ्या असतील तर फार मोठा. इस्राएली दुसऱ्या प्रकारात बसतात.

तो जुगार खेळण्यासारखा होण्यासाठी काही गोष्टी लागतात आणि त्यातल्या बऱ्याच मजकुरात सापडतात. पहिली म्हणजे सगळ्यांना योजना माहीत असणं. पाचव्या वचनात यहोशवा म्हणतो, मी आणि माझ्याबरोबरचे सगळे लोक नगराकडे जाऊ आणि ते आमच्यावर आले की पळू. “मी” हा शब्द महत्त्वाचा. सेनापती दबा धरणाऱ्यांच्या सुरक्षित घळीत बसलेला नाही, पळणाऱ्यांच्यात आहे. निवडक लढवय्ये दब्याला दिले आणि जे काम सगळ्यात धोक्याचं त्यात तो स्वतः उभा राहिला. एकदा पळालेल्या लोकांना दुसऱ्यांदा पळवायचं आणि परत फिरवायचं, तर हे करावंच लागतं.

दुसरी गोष्ट, थांबायची खूण. आमच्याकडे माघार घेणाऱ्या तुकडीला भेटीची जागा आधी दाखवतात, दिवसाउजेडी, बोटाने: तो मोठा दगड, ते वठलेलं झाड. धावत्या माणसाला ओरडून थांबवता येत नाही. इथे थांबायची खूण जमिनीवर नव्हती, आकाशात होती: नगरातून निघालेला धूर. एकविसावं वचन सांगतं की यहोशवा आणि सगळ्या इस्राएलाने धूर पाहिला आणि ते उलटले. शास्ते पुस्तकात तर धुराचा खांब ही आधी ठरवलेली खूण होती असं स्पष्टच आहे. एकाच धुराने दोन कामं केली. आपल्या माणसांना तो सांगतो की आता वळा. शत्रूला तो सांगतो की तुझं घर, तुझी बायकापोरं गेली. विसाव्या वचनात आयच्या लोकांना इकडे ना तिकडे पळायचं बळ राहिलं नाही असं म्हटलंय. ज्याने माणसं अशी जागच्या जागी गोठलेली पाहिली आहेत त्याला ते वाक्य अतिशयोक्ती वाटत नाही.

तिसरी गोष्ट, सोंगाची किंमत. पळणाऱ्यांच्या शेपटाला असलेली माणसं खरोखर मरतात. त्याशिवाय सोंग खरं दिसत नाही. आयच्या दुसऱ्या लढाईत इस्राएलाचे किती पडले हे मजकूर सांगत नाही. गिबाला मात्र आकडा आहे: आमिष दाखवताना सुमारे ३० जण पडले. ज्या सेनापतीला ती ३० माणसं आधीच मनात मोजता येत नाहीत त्याने ही योजना आखू नये, असं मी वर्गात सांगायचो. मुलं गप्प व्हायची. व्हायलाच हवीत.

इशाऱ्याबद्दलही कोणीतरी हमखास विचारतं. यहोशवाने हातातली बरची (भाला) नगराकडे रोखली आणि दबा उठला. पण पूर्वेकडे पळणाऱ्या माणसाच्या हातातली बरची नगराच्या पलीकडे पश्चिमेला बसलेल्यांना दिसणार कशी? सरळ दिसणार नाही. मी तिथे असतो तर उंचवट्यावर एक-दोन टेहळे ठेवले असते. त्यांनी बरची पाहायची आणि मागे दब्याला खूण करायची. मजकूर याबद्दल गप्प आहे, पण लढाईच्या वर्णनात टेहळ्यांचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. वेळ चुकली असती तर सगळं फसलं असतं. दबा लवकर उठला तर शत्रू वेशीजवळच असतो, परत वळतो आणि नगरात शिरलेलेच कोंडले जातात. उशिरा उठला तर पळणारे खरोखर फुटलेले असतात. तरुण जवान नेहमी लवकर उठतो. शत्रू समोरून जाताना गप्प पडून राहणं त्याला सोसत नाही. म्हणून उठायचा निर्णय दब्याकडे न ठेवता यहोशवाच्या हातात ठेवला होता, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आणखी एक धोका वाचकाच्या नजरेतून सुटतो: लूट. यरीहोत लूट मना होती, आयमध्ये दुसऱ्या वचनात परवानगी आहे. रिकाम्या नगरात शिरलेली, लुटीची मोकळीक असलेली माणसं पुन्हा बाहेर येऊन लढतील याची खात्री कोण देणार? कित्येक लढाया इथेच हातच्या गेल्या आहेत. म्हणून हुकुमात नगर घेतल्याबरोबर आग लावा असं आहे. आग लागलेल्या गल्लीत कोणी मडकी-भांडी गोळा करत बसत नाही. बावीसाव्या वचनात तेच लोक नगरातून बाहेर पडून शत्रूच्या पाठीवर आले. गुरं आणि लूट सत्ताविसाव्यात घेतली, नगराची राख अठ्ठाविसाव्यात केली. क्रम पाळला म्हणून सापळा मिटला.

गनिमी काव्याबद्दल थोडक्यात. नातं आहे, पण एकच गोष्ट नाही. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला गाठलं तेव्हा खोट्या माघारीची गरजच नव्हती. खान स्वतः रानातल्या चिंचोळ्या वाटेत शिरला होता. तिथे जमिनीने काम केलं. आयला शत्रू तटात होता, त्याला बाहेर काढायचं होतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मधले गडी मागे सरकून आत येऊ देतात आणि कोपरारक्षक मागून वाट बंद करतो, तो आयचा डाव. तटाला भिडणं इस्राएलींना का नको होतं हेही त्यांच्याच ग्रंथात आहे: तेबेस नगराच्या बुरुजाला भिडलेल्या अबीमलेख राजाच्या डोक्यात एका बाईने जात्याची तळी टाकली, आणि त्याचं उदाहरण पुढे दावीद राजाच्या काळातही सेनापती देत होते.

हे सगळं मी मजकूर जसा आहे तसा धरून लिहिलंय. जमिनीत काय सापडतं हा वेगळा विषय आणि तुमच्या गटाने तोही टाळू नये. एत-तेल इथे १९३३ ते १९३५ दरम्यान ज्युडिथ मार्के-क्राउझ यांनी आणि १९६४ पासून जोसेफ कॅलवे यांनी उत्खनन केलं. तिथलं मोठं तटबंदीचं नगर इसवी सनापूर्वी सुमारे २४०० मध्येच उजाड झालं होतं, आणि त्यानंतर साधारण १२०० पर्यंत वस्ती नव्हती. म्हणजे यहोशवाचा काळ कोणताही धरला तरी तिथे तट आणि राजा असलेलं नगर दिसत नाही. काहींनी म्हणून जवळची दुसरी जागा, खिर्बेत एल-मकातीर, सुचवली. काहींनी ही कथा मुळात बेथेलची असावी असं मांडलं. काही तिला अवशेष पाहून रचलेली कथा मानतात. माझं गणित यातल्या जागेवर अवलंबून आहे. जागा बदलली तर घळीची लांबी आणि दोन गावांतलं अंतर बदलेल. आठवणीवर लावलेला सापळा मात्र बदलत नाही. ज्याने कोणी ही कथा सांगितली त्याला लढाई कळत होती.

वादातला शेवटचा मुद्दा, देवाच्या लोकांनी फसवणूक करावी का. युद्धाच्या आजच्या कायद्यापुरतं सांगतो: १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधलं ३७ वं कलम छद्मावरण, हुलकावणी, खोट्या हालचाली यांना परवानगी देतं. मनाई आहे ती विश्वासघाताला, म्हणजे शरणागतीचं किंवा जखमी असल्याचं सोंग करून मारण्याला. खोटी माघार पहिल्या बाजूला येते. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मचिंतकानेही याच प्रसंगावर लिहिताना युद्ध न्याय्य असेल तर ते उघड लढलं की दबा धरून, याने फरक पडत नाही असं म्हटलंय. पंचविसाव्या वचनात स्त्री-पुरुष सगळे मारले गेले, त्याला मात्र आजचा कोणताही कायदा माफ करत नाही, आणि मीही वर्गात त्याला डावपेच म्हणून कधी शिकवलं नाही.

गटात पुढच्या वेळी बसाल तेव्हा एका परातीत वाळू घ्या. पश्चिमेला बेथेल, पूर्वेला आय, उत्तरेला खोरं, आयच्याही पूर्वेला अराबाकडचा, म्हणजे यार्देन नदीच्या खोऱ्याकडचा, उतार. एका बाजूला यहोशवाचं काम द्या, दुसऱ्या बाजूला आयच्या राजाचं, आणि राजाच्या बाजूला बसलेल्यांना आठवा अध्याय न वाचता फक्त सातवा वाचायला द्या. मग विचारा, वेस बंद ठेवाल की उघडाल?